क्री लेखिकेला लिहिलेलं पत्र

त्या बाईंचा मला जितका हेवा वाटला, तितका सख्ख्या जावेचाही कधी वाटला नाही. त्या कॅनडाच्या. तिथल्या क्री या मूळ रहिवासी जमातीतल्या, आणि लहान मुलांसाठी पुस्तकं लिहिणाऱ्या. मी लंडनच्या पिनर उपनगरातल्या एका प्राथमिक शाळेत वर्गशिक्षिकेची मदतनीस. नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली होती. शाळेच्या बुक वीकला त्या पाहुण्या म्हणून येणार होत्या, आणि स्टेशनवरून त्यांना आणायचं काम माझ्याकडे आलं.

मला आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू. मीही मुलांच्या गोष्टी लिहायचे, मराठीत. दोन गोष्टी पुण्याच्या एका दिवाळी अंकात छापून आल्या होत्या, बाकीच्या फाइलमध्ये पडून. ती फाइल मी त्या दिवशी मुद्दाम पिशवीत घातली. लेखिका लेखिकेला भेटणार, असा माझा थाट. स्टेशनातून विंडचीटर घातलेल्या, माझ्याहून बुटक्या, पन्नाशीच्या बाई बाहेर आल्या. चालता चालता त्यांनी विचारलं, "तुम्ही काय करता?" माझ्या तोंडून "शाळेत मदत करते" एवढंच निघालं. फाइल पिशवीतच राहिली.

हॉलमध्ये दीडशे मुलं जमिनीवर मांडी घालून बसलेली, त्यात माझी नऊ वर्षांची लेक. बाईंनी आधी स्वतःबद्दल सांगितलं. लहानपणी त्यांना घरापासून लांब बोर्डिंग शाळेत नेलं. तिथे क्री बोललं की शिक्षा. भाषा विसरून गेल्या. मग चाळिशीत मावशीच्या स्वयंपाकघरात बसून ती पुन्हा शिकल्या आणि पुस्तकं लिहू लागल्या, वर क्री, खाली इंग्रजी. प्रत्येक पान आधी मावशीला वाचून दाखवायचं. ती हसायच्या जागी हसली नाही, तर पान फाडायचं. हे ऐकताना शिक्षिका डोळे पुसत होत्या. आणि मला, सांगायला लाज वाटते, त्या दुःखाचासुद्धा हेवा वाटला. त्यांची भाषा त्यांच्याकडून हिसकावून घेतली होती. माझ्या घरातली मराठी मात्र हीटिंग लावलेल्या खोलीत, कुणी बोटही न लावता, संपत चालली होती. मी दोष कुणाला देणार?

मग त्यांनी गोष्ट सांगितली. अर्धी क्री, अर्धी इंग्रजी. एकाही शब्दाचा अर्थ सांगितला नाही, आणि एकाही मुलाने तो विचारला नाही. माझ्या लेकीने हात वर करून अजून एक गोष्ट मागितली. "दुसरी आहे, पण ती बर्फ पडल्यावरच सांगायची असते," बाई म्हणाल्या, आणि शेवटपर्यंत सांगितली नाही.

घरी येताना लेकीचं तेच चालू. "आई, त्यांच्याकडे काही स्टोरीज ओन्ली विंटरमध्ये सांगतात. सो कूल!"

"अगं, आपल्याकडेपण आहे की. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो."

"पण तू तर मला कारमध्ये सांगतेस. ट्रॅफिकमध्ये."

संध्याकाळी बघते तर ती पिंजऱ्यातल्या तिच्या हॅमस्टरशी क्रीमधले तीन शब्द बोलत होती. तिच्या तोंडून एक मराठी वाक्य काढताना माझ्या नाकी नऊ यायचे, आणि या बाईंनी अर्ध्या तासात तीन शब्द पेरले! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "एक दिवस येऊन गोष्ट सांगायला काय जातंय? रोज पोळ्या लाटून सांगा म्हणावं," मी कणीक तिंबत पुटपुटले.

चार दिवसांनी लेकीने बाईंना पत्र लिहिलं. शाळेतून पत्ता आणला, पाकीट चिकटवलं आणि मला पोस्टात टाकायला दिलं. मी ते केटलच्या वाफेवर धरलं. आईने असं करू नये. मी केलं.

इंग्रजीत लिहिलं होतं: तुमची गोष्ट छान होती. माझी आईपण गोष्टी लिहिते. तिची म्हशीची गोष्ट तुमच्या गोष्टीपेक्षा चांगली आहे. ती म्हैस तळ्यातून बाहेरच येत नाही. पण आई मध्येच थांबून शब्दांचे अर्थ विचारते. मला येत नाहीत, मग ती रागावते आणि गोष्ट राहून जाते. म्हैस बाहेर आली का, ते मला अजून माहीत नाही. तुम्ही आईला सांगाल का, न थांबता सांग म्हणून? तुमचं ती ऐकेल. तिला तुम्ही खूप आवडता.

मी तिथेच खुर्चीत बसून रडले. तरीही पत्र टाकलं नाही. माझ्या लेकीला गोष्ट कशी सांगायची, हे मला कॅनडाहून कळवलं जाणार, हे काही सोसवेना. पत्र मी डाळींच्या डब्यांमागे सारलं.

पंधरा दिवसांनी, एका रविवारी चहाच्या वेळी, मी म्हशीची गोष्ट काढली. 'रवंथ' आला, मी जीभ चावली आणि पुढे गेले. 'शेवाळ' आलं, 'काठ' आला, थांबले नाही. लेक हातातलं बिस्किट खायचं विसरून ऐकत होती. म्हैस बाहेर आली आणि गोष्ट पहिल्यांदाच संपली.

तिने टाळ्या पिटल्या. "आई! म्हणजे माझं लेटर पोचलं! त्यांनी तुला सांगितलं ना?"

नाही गं, हे माझं मी केलं, मी एकटीने, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"हो," मी म्हणाले. "त्यांनीच सांगितलं."