फिकट गुलाबी

बारावीला असताना केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला माझं रीडिंग कायम जास्त यायचं. मी निमगाव सावाहून एसटीने जुन्नरच्या कॉलेजात यायचो. लॅबमधला माझा जोडीदार जुन्नरच्याच बाजारपेठेतला, मारवाडी जैनांच्या कापडदुकानातला मुलगा. आमचं काम सोपं होतं. फ्लास्कमधल्या आम्लात फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकायचे, वरच्या ब्युरेटमधून, म्हणजे आकडे कोरलेल्या काचनळीतून, अल्कली हळूहळू सोडायची आणि पाणी फिकट गुलाबी झालं की थांबायचं. किती अल्कली लागली त्यावरून आम्ल किती तीव्र ते कळतं.

मला थांबणंच जमायचं नाही. मॅडम म्हणायच्या, "किती घाई करतोस रे!" मी आणखी हळू सोडायचो, तरी तेच.

एके दिवशी जोडीदाराने माझा हातच धरला. "अरे थांब की, झालं गुलाबी!"

"कुठंय? पाणीच तर हाय."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मॅडम मागेच उभ्या होत्या. तास सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि खिडकीत दोन फ्लास्क ठेवले.

"यातला गुलाबी कोणता?"

मी बराच वेळ बघत राहिलो. "दोन्ही सारखेच आहेत, मॅडम."

त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं. "मी उगीच तुला बोलत होते," म्हणाल्या, "डोळे तपासून घे. घाबरू नकोस, हा काही आजार नाही."

वडील मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक होतं. डॉक्टर पान उलटायचे, वडील मागून ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचे, आणि मला नुसते ठिपके दिसायचे. चार-पाच पानांनंतर वडील वाचायचे थांबले. लाल-हिरवा रंगांधळेपणा आहे, डॉक्टरांनी सांगितलं.

येताना घरी न जाता त्यांनी गाडी थेट टोमॅटोच्या वावरात घातली. झाडाचे दोन टोमॅटो तोडून माझ्यापुढे धरले.

"ह्यो कसा दिसतो तुला?"

"हिरवट."

"आन् ह्यो?"

"तसाच. जरासा काळपट."

दुसरा पिकून लाल झालेला होता, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला कळलं. दर तोडणीला मी क्रेटमध्ये कच्चा माल टाकायचो आणि तोडणीच्या सगळ्या बायांसमोर वडिलांची बोलणी खायचो. वडील बांधावर बसले. "म्हंजे तुला दिसतच नव्हतं व्हय," म्हणाले. मग टोमॅटो शर्टाला पुसून मला दिला. "खा. लई बोललो रे तुला." मी तो तिथेच उभ्याने खाल्ला.

मला धास्ती होती ती बोर्डाच्या प्रॅक्टिकलची. तिथे शेजारी हात धरणारं कोणी नसणार. पण मॅडमनी आधीच बाहेरून येणाऱ्या परीक्षकांशी बोलून परवानगी घेतली होती. परीक्षेच्या सकाळी त्यांनी माझ्या टेबलावर वेगळीच बाटली ठेवली: थायमॉल्फ्थॅलीन. "याने निळा रंग येतो. निळा दिसतो ना?"

"दिसतो, मॅडम."

"मग कर निवांत."

मी एका हाताने फ्लास्क फिरवत होतो, दुसरा ब्युरेटच्या तोटीवर. एक थेंब पडला, निळी छटा आली आणि विरली. पुढचा पडला आणि सगळं पाणी फिकट निळं होऊन तसंच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तो क्षण मला स्वतःला दिसला. मी तोटी बंद केली. पुन्हा दोनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा रीडिंग जुळलं. परीक्षकांनी सही केली. पलीकडच्या टेबलावरून जोडीदार भुवया उडवून विचारत होता, मी मान हलवली.

बाहेर येऊन वडिलांना फोन लावला.

"दिसलं का रं?" त्यांनी पहिलं तेच विचारलं.

"दिसलं. निळं व्हतं."

ते म्हणाले, "बरं झालं. ये मग, जेवायचा थांबलोय."