दोर नसलेली बोट

माझे बाबा विहिरींतला गाळ काढत. उतरण्याआधी पेटता कंदील खाली सोडायचा; तो विझला तर खाली हवा नाही, उतरायचं नाही; उतरलं तर कमरेच्या दोराचं टोक वरच्या माणसाच्या हाती, असा त्यांचा शिरस्ता. तरी त्यांच्यासोबत काम करणारे काका एका विहिरीत गुदमरून गेले आणि बाबांनी काम सोडलं. त्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात इतवारी भागातल्या एका विहीरमालकाचा निरोप आला: उद्या सकाळी माणूस पाठवतो, येता की नाही ते सांगा. बाबांचे हात शिवशिवताहेत हे आईनं ओळखलं.

"पाण्यात मेलेल्या मानसांचं काही असन तर वाच वं," ती माझ्या कानात म्हणाली. "यायले जरा भेव वाटू दे."

मी कॉलेजात इतिहास शिकत होते. ग्रंथालयातून आणलेल्या मासिकात, तेव्हापासून शंभर वर्षांपूर्वीच्या, अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या पाणबुडीवर लेख होता. बाबा जेवायला बसले तसा मी तो वाचायला घेतला. लोखंडी नळकांडं, आत आठ माणसं कोंबलेली, हातानं दांडा फिरवून बोट पुढे ढकलणारा पंखा चालवायचा. हवा किती पुरते ते बघायला ती माणसं मेणबत्ती लावून पाण्याच्या तळाशी बसली. मेणबत्ती विझली, तरी अंधारात बसूनच राहिली.

"इझल्यावर? काहून?" बाबा ओरडलेच. "अन् वर दोर कोनाच्या हाती होता?"

"दोर नव्हताच, बाबा."

त्यांनी उचललेला घास ताटात परत ठेवला.

मी पुढचं वाचत गेले. ती बोट त्याआधी दोनदा माणसांसकट बुडाली होती. दोन्ही वेळा वर काढली, प्रेतं काढून धुतली, आणि पुन्हा नवी माणसं तिच्यात शिरली. शेवटी त्यांनी शत्रूचं जहाज उडवलं. परत कोणीच आलं नाही.

"जबरदस्तीनं बसवले?"

"नाही. आपखुशीनं."

बाबांनी हात जोडले. खरंच, ताटावर बसल्याबसल्या, उष्ट्या हातांनी. आईनं मात्र माझ्याकडे असं पाहिलं की मी मासिक मिटलं. भीती घालायला गेले आणि भलतंच, हिंमत देऊन बसले.

हात धुताना बाबांनी विचारलं, "त्यायच्या घरी नाही म्हननारं कोनीच नसन काय वं?"

"ते लेखात नाही, बाबा."

सकाळी मालकाचा माणूस आला. बाबा दारात उभे राहून, चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाही जमत गा. बायको नाही म्हन्ते."

आमच्या मोहल्ल्यात असं कबूल करणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. आत चुलीपाशी आईनं तोंडाला पदर लावला.