पुठ्ठ्याआडचा नाच

“नाच आला की प्रोजेक्टरसमोर पुठ्ठा धरा आणि आवाज बंद करा,” बावतीस सरांनी सांगितलं आणि मिठाईच्या बॉक्सचं झाकण माझ्या हातात दिलं.

सर निवृत्त हेडमास्तर. पापडी गावातल्या हॉलची किल्ली त्यांच्याकडे. एक तक्रार आली तरी फिल्म क्लबला हॉल बंद, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. दुसरा हॉल आमच्या आवाक्यात नव्हता.

मी सबटायटल्स करतो. चित्रपट इजिप्तचा, जुना, कृष्णधवल. रेल्वे स्टेशनवर पेपर विकणारा एक लंगडा माणूस थंड पेयं विकणाऱ्या मुलीपायी वेडा होतो. बाईकडे बघायचीही चोरी असलेल्या समाजातला माणूस. बघण्यापलीकडे त्याला काही सुचत नाही.

“सर, तुम्ही पूर्ण बघितलात?”

“तपासायला नको? नाच जरा जास्त वेळा बघितला. कुठे सुरू होतो, कुठे संपतो, नीट कळायला हवं.”

चित्रावर इंग्रजी सबटायटल्स आधीच होती. म्हणून मराठी ओळी दुसऱ्या प्रोजेक्टरवरून, पडद्याखालच्या पांढऱ्या पट्टीवर. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी त्यात आवाजही लिहितात. या पट्टीबद्दल सर काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

मुलगी रेल्वेच्या डब्यात चढली. मी पुठ्ठा धरला, आवाज बंद केला. पडदा काळा. खाली ओळी लख्ख:

(संगीत वेग घेतं)
(मुलगी हसते)
(पुरुषांच्या आरोळ्या)

पहिल्या रांगेतल्या भुईगावच्या रेजिनामावशी मागे वळल्या. “काय चाललंय आत?”

“बघण्यासारखं नाही, मावशी,” सर म्हणाले.

“तुम्ही बघितलंत ना?”

हॉल खदखदून हसला.

“आता दाखवा. नाहीतर तक्रार करीन मी. तिकडे काय काय झालं असेल, या विचाराने मला झोप लागायची नाही.”

सरांनी घाम पुसला. “घ्या मागे.”

नाच दिसला. अंगभर कपड्यातली मुलगी, तिच्या हातात थंड पेयांच्या बाटल्या, भोवती टाळ्या पिटणारी पोरं.

“एवढंच?” मावशी म्हणाल्या. “आमच्या लग्नात बँड लागला की फादरसमोर याच्यापेक्षा जास्त नाचतो आम्ही.”

पुढे त्या माणसाच्या हातात सुरा आला, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. दिवे लागल्यावर मावशी म्हणाल्या, “या पेपरवाल्यासमोरही लहानपणापासून कुणीतरी पुठ्ठाच धरला असणार.”

हॉल टिकला. सर आता क्लबच्या निवड समितीवर आहेत. सगळे चित्रपट आधी घरी नेऊन तपासतात. मी एवढंच शिकलो: झाकायचंच असेल तर पट्टीही झाका, आणि पहिल्या रांगेत कोण बसलंय ते आधी बघा.