पुढचा ब्रेक

उतार आला की नाना उजव्या हाताची चारही बोटं ब्रेकवरून उचलून हवेत ताठ धरायचे, तापल्या तव्याला हात लागू नये तशी. पाय मात्र मागच्या ब्रेकवर उभाच. "फुडचा दाबला का मानूस फुडं जातो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. असं म्हणणारा एक तरी तुमच्याही ओळखीत असेल. असेल तर आजच त्याच्याशी भांडा.

संगमनेरच्या एका डेअरीत आम्ही दोघं दूध तपासायला होतो. गावोगावच्या केंद्रांवर त्यांच्याच जुन्या मोटारसायकलवरून जायचो, आणि मागे बसून माझा जीव टांगणीला लागायचा. हा माणूस गाडीला लिंबू-मिरची बांधू द्यायचा नाही. "लिंबानं गाडी थांबती व्हय?" असं चारचौघांत विचारायचा.

"मग पुढच्या ब्रेकनं थांबते ना?" मी म्हणायचो.

"त्यो इशय येगळा."

पुढच्या ब्रेकची डिस्क पहिल्या मालकानेच झिजवून पातळ केलेली होती. वर्षभर मी डोकं खाल्लं, तेव्हा कुठे नाना बदलायला तयार झाले. मोठी डिस्क, नवं कॅलिपर, ऑइलची नवी नळी, नवे पॅड. गॅरेजवाल्याने दोन बोटांनी गाडी जागच्या जागी उभी करून दाखवली. नाना खूश. त्या दिवसापासून रोज सकाळी ती डिस्क कोरड्या फडक्याने पुसायचे. ब्रेक मात्र दाबायचे नाहीत.

"नाना, शोभेला बसवलीय का ही?"

"आसू द्या की. अडीनडीला हाय."

अडीनड आली ती चंदनापुरीच्या उतारावर, संध्याकाळी, नाना एकटेच असताना. उसाची ट्रॉली रस्त्यातच बंद पडलेली, मागे साधं लाल फडकंही नाही. नाना थेट तिच्यावर आदळले. त्या ट्रॉलीवाल्याला मी आजही शिव्या घालतो. पण नानांनाही घालतो. गाडी दुरुस्तीला गेली तेव्हा मी पुढचे पॅड हातात घेऊन पाहिले. कोरे करकरीत होते. मागचं टायर मात्र घासून एका जागी सपाट झालं होतं.

आणि नाना गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीला जमलेले लोक काय म्हणाले? "त्यो नवा डिस्क बसावला अन् घात झाला. फुडचा दाबला आसंल." मी भर मंडपात उठलो. म्हटलं, दाबला नाही म्हणून गेले. पटलं कुणालाच नाही.

आता ती गाडी त्यांची मुलगी चालवते. नर्स आहे, ड्युटीला जाते. तिचे चुलते डिस्क काढून टाकायला निघाले होते, मी काढू दिली नाही. परवा तिला मोकळ्या मैदानात नेलं.

"दोन्ही ब्रेक लाव. पुढचा हळूहळू, पण दाब."

"पप्पा नको म्हणायचे, काका."

"चुकत होते तुझे पप्पा." मेलेल्या माणसाचा एवढा राग मला कधी आला नव्हता, आणि एवढी आठवणही.

ती लांबून वेगात आली. मी हात वर केला. तिचा पाय मागच्या ब्रेकवर गेला, आणि उजव्या हाताची चारही बोटं उचलली जाऊन हवेत ताठ झाली.

"पुन्हा," मी ओरडलो. "पुन्हा मार चक्कर."