वजनाला बाबा

बैल विकले त्या दिवशी आमचे बाबा नोकरीवरून काढून टाकल्यासारखे झाले. पेन्शन नाही, हारतुरे नाहीत. ट्रॅक्टर मी चालवणार, फवारा मी मारणार, आणि बाबांनी काय करायचं, तर ओट्यावर बसून खोकायचं. थोडे दिवस बसलेही बिचारे. मग एका सकाळी आंघोळ करून, टोपी घालून माझ्याआधी वावरात हजर. "घरी बसून का अंडे उबवू?" हे वरून.

वावर आमचं आर्णीच्या अलीकडे. काळीभोर जमीन, आणि उन्हाळ्यात तिचा स्वभाव आमच्या घरातल्या माणसांसारखा होतो, कोणाचंच ऐकत नाही. पूर्वी वखर नीट लागला नाही की बाबा त्याच्यावर उभे राहायचे आणि त्यांच्या भाराने त्याची पास, म्हणजे लोखंडी पातं, जमिनीत शिरायची. त्यामुळे ट्रॅक्टरमागचा माझा कल्टिव्हेटर जमीन नुसतीच खरडत चाललेला पाहून त्यांना मनापासून आनंद झाला.

"वजन पायजे त्याले," म्हणाले. "मी बसतो मांगं."

"बाबा, वखर नाही तो. घसरले तर दातात सापडसान."

"तू हाक न. मले शिकवू नोको."

मी सपशेल नाही म्हटलं. ते तोंड फुगवून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन बसले.

आता यात चूक बाबांची नव्हती, ट्रॅक्टरची होती. मागचं अवजार उचलणारा सिलिंडर सिंगल ॲक्टिंग असतो. तेल एकाच बाजूने आत शिरतं, दट्ट्याला ढकलतं आणि अवजार वर जातं. लिव्हर सोडली की तेल परत जातं आणि अवजार आपल्याच भाराने खाली येतं. खाली दाबणं हे त्याचं कामच नाही. पहाटे मला उठवायला बायकोचा जोर लागतो, आडवं व्हायला माझा मी समर्थ आहे, तसलाच प्रकार. डबल ॲक्टिंगची गोष्ट वेगळी. त्यात तेल दोन्हीकडून घालता येतं. एकीकडून घातलं की दट्ट्याचा दांडा बाहेर ढकलला जातो, दुसरीकडून घातलं की आत ओढला जातो. जेसीबीचा हात असाच चालतो, म्हणून तो उचलतोही आणि दाबतोही.

एक दिवस हाकता हाकता मागे जमिनीत पडणारा तास एकदम खोल जायला लागला. मी खूष. म्हटलं, चला, जमिनीला दया आली. धुऱ्याशी वळायला म्हणून लिव्हर ओढली, मागे पाहिलं, तर कल्टिव्हेटरच्या लोखंडावर बाबा. कल्टिव्हेटरबरोबर तेही वर उचलले गेलेले, एका हाताने लोखंड धरलेलं, दुसऱ्याने टोपी. पलीकडच्या धुऱ्यावर मी पाणी प्यायला थांबलो तेव्हा चढले असणार.

मी इंजिन बंद केलं. त्यानंतर माझ्या तोंडून जे निघालं ते बापाला बोलण्यासारखं नव्हतं आणि इथे लिहिण्यासारखंही नाही. बाबा थंड. "पाह्य, किती खोल गेलं," एवढंच म्हणाले.

त्यांना काखेत धरून खाली घेतलं आणि मी हबकलो. रिकामं पोतं उचलावं तसा म्हातारा हातात आला. यांच्या वजनाने कशाचा तास खोल जातो? तो नाल्याकाठचा तुकडा होता, तिथे उन्हाळ्यातही ओल राहते. मला रडायलाच आलं, आणि रडायला आलं म्हणून मी त्यांना आणखी बोललो.

दुसऱ्या दिवशी दिग्रसचा एक फिटर आणला. तो म्हणाला, "डबल ॲक्टिंग लावून देतो भाऊ. वरून असा दाबते का नाही, बुढ्याची झंझटच खतम." ट्रॅक्टरचं मागचं अंग आणि कल्टिव्हेटर यांच्यामध्ये त्याने सिलिंडर बसवला, दोन पाइप जोडले, माझ्या उजव्या हाताशी एक जादा लिव्हर दिली. बाबा सगळं जोडकाम होईस्तोवर तिथेच उभे. शेवटी हळूच विचारलं, "मंग आता माहं काम नाई?"

"नाही," मी म्हटलं. ते टोपी सारखी करून धुऱ्यावर जाऊन बसले. त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

मी लिव्हर दाबली. दात जमिनीला टेकले, जमीन काही हटली नाही, आणि ट्रॅक्टरचीच मागची चाकं हलकी होऊन जागच्या जागी फिरायला लागली. जेसीबी बकेट टेकवून स्वतःची चाकं वर उचलतो हे मी नाल्यावर उभं राहून कितीदा पाहिलं होतं, पण पैसे देताना अक्कल चरायला गेली होती. फिटर म्हणाला, "जरा जरा दाबत जा न. चाक उचललं का सोडा." बरं, पण मी समोर पाहू की मागे चाकाकडे?

धुऱ्यावर बाबा टोपीआड हसत होते. मला दिसत होतं.

"बाबा, या इकडे. मडगार्डवर बसा. चाक उचललं की सांगा मले."

"टाइम नाई तसा मले," म्हणाले, आणि आले. मडगार्डवरचा दांडा एका हाताने पकडला, दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला. मी मुद्दाम समोर पाहत राहिलो.

"उचललं," ते ओरडले की मी लिव्हर सोडायची, असं आमचं चालू झालं. पहिल्या दिवशी एकदम बरोबर. मग त्यांना हुरूप आला. चाक घट्ट जमिनीवर असलं तरी "उचललं, उचललं, झोपला काय बे?" तोवर मला सीटवर बसल्या बसल्याच कळायला लागलं होतं, चाक कधी हलकं होतं ते. मागे पाहायला माणूस लागतच नव्हता.

हे मी त्यांना सांगितलेलं नाही. ते ओरडतात, मी लिव्हर सोडतो, आणि तेवढ्या जागी तास उथळ राहतो. शेजारचा वावरवाला परवा विचारत होता, तुह्या वावरात मधातच असं उथळ काहून? मी म्हटलं, जमीन कडक आहे.