सहा ते बारा मिळाली

ज्या बोटीवर मी अकरा वर्षं काढली, ती गेल्या हिवाळ्यात नौदलातून निवृत्त झाली. बोट म्हणजे फ्रिगेट, मधल्या बांध्याची युद्धनौका. पण आमच्या खालापूरकडे पाण्यावर चालतं ते सगळं बोटच, मग तिच्यात मासे असोत की तोफा. मीही बोटच म्हणतो.

मी भातशेतीवाल्या घरातला. भरती झालो, बॉयलरचं काम शिकलो आणि बोट नवीकोरी असताना तिच्यावर गेलो. पहिल्या दिवशी नारळ फुटला, बँड वाजला, निशाण चढलं. ते सगळं मी नुसतं ऐकलं, कारण आम्ही बॉयलरवाले खाली होतो. पुढेही तेच. बोटीचा पराक्रम वरच्यांनी पाहिला, आम्ही तो खालून ऐकला. वादळात सापडलेले मच्छीमार वर ओढून घेतले, त्यांचं ओरडणं ऐकलं. सरावात तोफा डागल्या, तेव्हा डोक्यावरच्या पाइपांची धूळ अंगावर पडली. परक्या बंदरात बडे पाहुणे आले, त्यांच्या बुटांची टकटक ऐकली. तू कोणकोणते देश पाहिलेस असं कुणी विचारलं, तर मी खरं तेच सांगतो, की मी घाम पाहिला. तरी त्या बोटीवर माझा जीव होता. दोन बॉयलरपैकी कोणता कधी कुरकुरणार हे मला आधी कळायचं, आणि माझ्यावर खूश असलेली ती एकच बाई, असं बायको चिडवायची.

तेव्हा गावात फोन नव्हता. बायकोने खालापूरला जाऊन लावायचा म्हटला, तरी समुद्रात लावणार कुठे? म्हणून पत्रं. ती मुंबईच्या नौदलाच्या टपाल कचेरीत जायची, तिथून थैलीत भरून आम्ही ज्या बंदराला लागणार तिथे. महिना-महिना थैली यायची नाही आणि आली की सगळी पत्रं एकदम, मागची पुढे, पुढची मागे. यावर नौदलातल्या बायकांनी उपाय काढला होता. पाकिटाच्या मागे नंबर घालायचा. एक, दोन, तीन. आम्ही बंदरातून लगेच उलट टपाली कळवायचं, अमुक ते अमुक मिळाली. मधलंच एखादं गहाळ असलं तर त्यातली बातमी त्यांनी पुन्हा लिहायची. माझी बायको सातवी शिकलेली, पण नंबर घालण्यात कधी चुकली नाही.

आमची आणखी एक रीत होती, ती घरच्यांना ठाऊक नव्हती. सगळी पत्रं एकदम वाचायची नाहीत. पुढचे तीन आठवडे नुसतं पाणी, तेव्हा आज एक, तीन दिवसांनी एक, अशी पुरवून वाचायची. एका बैठकीत सगळी फोडणाऱ्याला आम्ही हावरट म्हणायचो. पुढच्या नंबरचं पाकीट उशीखाली आहे, एवढ्यावर माणूस भट्टीसमोर चार तास काढतो. मी या बाबतीत फार कडक होतो. मला त्याचा अभिमान होता.

लेक दोन वर्षांची होती त्या वर्षी आम्ही पूर्वेकडे लांबच्या सफरीवर निघालो. सिंगापूरला थैली आली. माझी सात पत्रं होती, सहा ते बारा. मी लगेच कार्ड लिहिलं, "सहा ते बारा मिळाली. मी मजेत. आईला नमस्कार." ते टपालात टाकलं आणि सहा नंबर फोडलं. त्यात आमच्या शेजाऱ्यांची म्हैस विहिरीत पडल्याची हकिगत होती. मी पोट धरून हसलो, बॉयलरवरच्या दोघा सोबत्यांना वाचून दाखवली. बाकीची सहा उशीखाली ठेवली. चार दिवस आम्ही त्या बंदरात होतो. मी बाजार फिरलो, आईसाठी मऊ शाल घेतली.

मग अठरा दिवस पाणी. सातव्या पत्रात म्हैस निघाल्याचं कळलं. आठव्यात लेकीचे नवे शब्द. दहाव्यात आईला ताप येतो, अकराव्यात उतरला नाही. बारावं मी सोळाव्या दिवशी फोडलं, चहाच्या सुट्टीत.

त्यात लिहिलं होतं, "आईंचं काय खरं दिसत नाय. खोपोलीचे डाक्टर म्हणाले महिनाभर काढतील. तुमचं नाव घेतात. मी तार करते म्हणाले तर म्हणाल्या, तार नको गं, तार बघून माझ्या पोराचा जीव जाईल, साधं पत्र लिही, तो समजंल. तर समजा आणि या."

पाकिटावरचा शिक्का पाहिला. पत्र टाकून महिना होत आला होता. त्यातले वीस दिवस, बंदरातले चार आणि पाण्यावरचे सोळा, ते माझ्या उशीखाली होतं.

आमचे इंजिनियर साहेब देशावरचे, बोलायला तुसडे, मनाने सरळ. मी पत्र घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्यांनी वाचलं, शिक्का पाहिला आणि विचारलं, "सिंगापूरला मिळालं ना हे? तेव्हा का नाही आलास? त्याच दिवशी सोडला असता तुला." मी त्यांना पत्रं पुरवून वाचण्याचं सांगितलं. त्यांनी पेन काढलं. तिथेच रजेच्या कागदावर सही केली आणि म्हणाले, "परवा बंदराला लागलो की पहिला तू उतरायचं." दुसऱ्या दिवशी बिनतारी संदेश आला. आई गेली होती.

घरी पोचलो तेव्हा सहावा दिवस होता. ओटीवर माणसं बसलेली. बायको मला बघून रडली नाही. ती मला मागच्या दाराशी घेऊन गेली आणि सगळं सांगितलं, एकाच सुरात, पाठ केल्यासारखं.

"तुमचं कार्ड आलं. मी त्यांना वाचून दाखवलं, सहा ते बारा मिळाली म्हणून. त्या म्हणाल्या, मिळाली ना? मग निघाला असंल. खाट दाराकडं करायला लावली. येईल तो भुकेला येईल, म्हणून रोज मला वाल भिजत घालायला लावले. रोज बिरडं केलं अवो. रोज. नऊ दिवस आमी बिरडंच खाल्लं. शेवटच्या दिवशी म्हणाल्या, आज सोललेस का गं वाल? मी म्हणाले, सोलले. तवा मग डोळे मिटले." मग ती थांबली. "बारावं मिळालं होतं ना तुमाला?"

नाही म्हणायची सोय नव्हती. माझ्याच हातचं कार्ड देवाच्या फळीवर होतं.

मी म्हणालो, "मिळालं. साहेबांनी रजा दिली नाही."

एवढं सोपं होतं ते. तिने लगेच विश्वास ठेवला, कारण मी आईला टाकून राहीन असं तिच्या मनातही येणार नव्हतं. ओटीवरच्या माणसांनी साहेबांना शिव्या घातल्या. मी त्या ऐकून घेतल्या. शाल बॅगेतच राहिली, पुढे मी ती परक्या माणसाला देऊन टाकली.

त्यानंतर मी त्या बोटीवर आणखी चार वर्षं होतो. पत्रं आली की शेवटच्या नंबरचं आधी फोडायचो. पुढे बदली झाली, निवृत्त झालो, आणि बॉयलरचा अनुभव म्हणून साजगावच्या एका कारखान्यात लागलो. बोटीची खबर जुन्या सोबत्यांच्या ग्रुपवर यायची. तिचे बॉयलर दुरुस्त झाले, तिच्यावरची क्षेपणास्त्रं उतरवली, ती शिकाऊ मुलांसाठी दिली. एखाद्या आजारी नातेवाइकाची खबर यावी तशी ती मी वाचायचो. बायकोसमोर मात्र बोटीचं नावही काढायचं नाही असा आमच्यात रिवाज पडला होता. इतक्या वर्षांत ती एकदाही बोट बघायला आली नाही.

गेल्या वर्षी निवृत्तीच्या समारंभाचं बोलावणं आलं, कुटुंबासह. मी ते दाखवलंही नसतं, पण लेकीने मोबाइलवर पाहिलं आणि आपल्या आईला सांगितलं. बायको म्हणाली, "मी येणार."

"तुला काय करायचंय तिथे?"

"तिला मोडताना बघायचंय मला."

"अगं मोडत नाहीत, निशाण उतरवतात."

"मग ते बघते."

मुंबईला धक्क्यावर मांडव होता, खुर्च्या, चहा. बोट समोर उभी होती, नवा रंग दिलेली. वर फडकणाऱ्या निशाणाखेरीज तिच्यावर आता काही शिल्लक नव्हतं. मी तिच्याकडे बघत होतो आणि मला हुंदका येत होता. बायको माझ्याशेजारी पदर आवळून बसली होती. तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले आणि माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "काय रे बॉयलर रूम, जिवंत आहेस का?"

इंजिनियर साहेब. ते येतील असं ग्रुपवर कुणी म्हटलं नव्हतं. मी उठून ताठ उभा राहिलो, जुन्या सवयीने. "साहेब," एवढंच तोंडातून निघालं आणि तेवढं बायकोला पुरलं.

"तुमीच का ते इंजिनचे सायेब?" ती उठली.

"हो वहिनी. नमस्कार."

"माझी सासू नऊ दिवस दाराकडं डोळे लावून होती. लेकाची चिट्ठी आली म्हणून. तुमी यांना सोडलं असतं तर तुमची बोट बुडली असती का हो? म्हातारीचं तोंड तरी बघितलं असतं यांनी. तुमाला आई नव्हती?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं आठवत होतं, ते मला दिसलं. मी बोलायला हवं होतं. वेळ भरपूर होता, चहाचा अर्धा कप संपावा इतका. मी बोटीच्या नांगराच्या साखळीकडे बघत राहिलो.

मग साहेबांनी काठी काखेत धरली आणि दोन्ही हात जोडले. "चुकलं वहिनी. माझ्या हातात होतं, मी रजा दिली नाही. आजवर मनाला लागून आहे. माफ करा."

बायको रडायला लागली, मोठ्याने, लोक वळून बघू लागले. आई गेली तेव्हा न रडलेली ती. मग डोळे पुसून तिने आपली खुर्ची पुढे केली. "बसा सायेब. पाय दुखत असतील." ते तिच्या खुर्चीवर बसले आणि ती त्यांच्यामागे उभी राहिली. सूर्य बुडताना बिगुल वाजलं, निशाण खाली आलं, घडी करून कप्तानाच्या हातात दिलं. साहेबांनी बसल्याबसल्या कपाळाला हात लावून सलामी दिली. माझा हात काही वर गेला नाही. निघताना त्यांनी मला एवढंच विचारलं, "एसटी कितीची आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून आलो तर बायको आईच्या फोटोपुढे बसलेली. दिवा लावला होता. ती फोटोला सांगत होती, "आई, सायबानं हात जोडले. म्हातारा झालाय बिचारा. तुमी आता राग सोडा, मी पन सोडला." तिचा चेहरा इतका मोकळा मी लग्नानंतरच्या दिवसांतच पाहिला होता.

मला ते सोसवलं नाही. मी तिथेच, ओल्या अंगाने, तिला सांगितलं. उशीखालची पत्रं, वीस दिवस, रजेच्या कागदावरची सही, सगळं.

तिने दिव्याची वात पुढे सारली. मी वाट बघत होतो की ती आता आईचं काढेल, बिरड्याचं काढेल. कितीही बोलली असती तरी मी ऐकून घेतलं असतं.

ती म्हणाली, "मग त्या म्हाताऱ्यानं हात का जोडले?"

"माझ्यासाठी."

"आनि तुमी जोडू दिलेत."

तिने मोबाइल माझ्यापुढे सरकवला.

"फोन लावा त्यांना."

मी नंबर मिळवला, लावला, तिच्या हातात दिला. ती उभी राहून बोलली. "सायेब, मी खालापूरहून बोलते, काल ओरडले ती. मला आता समजलं सगळं. चार मान्सांत मी तुमाला बोलले. मला माफी करा." पलीकडून साहेब काहीतरी समजावत होते. ती नुसती मान हलवत होती. मग तिने फोन माझ्यापुढे धरला. "बोला."

मी कानाला लावला. साहेब म्हणत होते, "हॅलो? अरे, आहेस का?" आयुष्यभर बॉयलरच्या घरघरीवर ओरडून बोललो मी, आणि त्या शांत घरात मला एक शब्द काढता येईना. ते पुन्हा हॅलो म्हणाले. पुन्हा म्हणाले.

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला. "सायेब, त्यांना बोलवत नाय," ती म्हणाली. "रडतायत ते."

मी रडत नव्हतो. तीही माझ्यासाठी खोटं बोलली.