डाव्या पायाच्या सहा चपला

फोन ऑफिसात आला. बेलापूरच्या आमच्या मजल्यावर एकच फोन, तोही साहेबांच्या टेबलावर. शिपाई बोलवायला आला तशी मी फाईल उघडीच टाकून उठले. पलीकडे माझा धाकटा भाऊ किसन.  म्हणाला, "ताई, बाबा गेला." आणि मी काय विचारलं? "पडला का?" किसन म्हणाला, "नाय गं. हॉस्पिटलातच होता ना. खाटेवरच, झोपेत…" आणि मला हायसं वाटलं. बाप गेल्याच्या बातमीनं मुलीला हायसं वाटावं! सात आठवडे झाले, ते हायसं वाटणं अजून माझ्या मागे लागलंय. पण गेली दोन वर्षं मी एकाच बातमीची धास्ती घेऊन जगत होते, की बाबा बांधावरून पडला, खाडीत पडला, रस्त्यावर ट्रेलरच्या पुढ्यात पडला. तो न पडता गेला, एवढंच त्या क्षणी डोक्यात आलं.

आमच्याकडे बापाला अहो-जाहो करत नाहीत. हे लिहायला बसले तेव्हा आधी 'वडील वारले' असं लिहून बघितलं, तर तो भलत्याच कुणाचा बाप वाटायला लागला. म्हणून बाबा गेला, असंच लिहिते.

बाबा खाडीकाठच्या आमच्या गावात मिठागरावर कामाला होता. पुढे जमिनी गेल्या, मिठागर बंद पडलं, पण बांध राहिला आणि बांधातली उघाडी राहिली. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायची आणि बाहेर सोडायची लाकडी झडप. आतल्या तळ्यात मासळी असायची, ती राखायला भरती-ओहोटी बघून ही झडप उघडावी-मिटावी लागते. ते काम शेवटपर्यंत बाबाकडे. दीड वीत रुंदीच्या बांधावर तरुणपणी तो अनवाणी चालायचा, आणि पायाखालचा चिखल कुठे धरतो, कुठे सोडतो हे त्याच्या तळव्यांना कळायचं. लहानपणी मी विचारलं होतं, "बाबा, खाली न बघता कसा चालतोस?" तर म्हणाला, "माझ्या पायाला डोले हायेत."

बाबा प्यायचा. लपवण्यासारखं त्यात काही नाही, आमच्याकडे हळदीला, लग्नाला, होळीला सगळेच पितात. पण बाबाचं रोजचं होतं. मी बी.ए. झाले, घराण्यात पहिली, गावातल्या मुलींतही पहिली, त्या दिवशी मी पदवीचा कागद त्याच्या हातात दिला. त्याला वाचता येत नव्हतं. हात लुंगीला पुसून त्यानं त्या कागदावर पंजा ठेवला आणि म्हणाला, "ह्या कागदाची आन, आजपासून बंद. पदवीवालीच्या बापाला कोनी बेवडा नाय बोलाचा." आणि खरंच बंद केली. दहा-बारा वर्षं हळदीत बसून तो सरबत प्यायचा आणि लोकांच्या थट्टा ऐकायचा. मला त्या पदवीचा अभिमान होता, पण ह्या आणेचा जास्त होता. कुणी भेटलं की पहिल्या पाच मिनिटांत मी ते सांगायचेच.

नंतर मी लग्न होऊन सीवूड्सला फ्लॅटमध्ये आले. गाव जवळच, त्यामुळे दर रविवारी जायचे. एका रविवारी किसनची बायको वनिता मला मागच्या दारी घेऊन गेली. आवाज खाली करून म्हणाली, "ताई, बाबाचं परत सुरू झालंय वाटतं." मी म्हटलं, "काहीतरीच! आण घेतलीय त्यानं." ती म्हणाली, "मी काय खोटं बोलू? तुमीच बघा ना संध्याकाळी." मी बघितलं. दिवस मावळताना बाबा उघाडीवरून परत येत होता आणि गल्लीत झोकांड्या खात होता. एक हात भिंतीला. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. नाक्यावर बसलेल्यांपैकी एकानं हाक मारली, "काय धर्मादादा, आज बोट जास्तच डुलतेय!" बाबा हसला आणि मुद्दाम आणखी डुलून दाखवलं. सगळे हसले. मी दारात उभी होते, मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"दुसरी चप्पल कुठंय?" मी विचारलं. त्यानं पायाकडे बघितलं, जणू आत्ताच कळलं. "कुत्र्यानं नेली."

पुढच्या महिन्यांत सगळं जुळतच गेलं. सकाळी ठीक, संध्याकाळी झोकांड्या. हळदी-लग्नांना जाणं बंद. घरात कुणी काही विचारलं की खेकसणं. माझ्या मुलाला उचलून घ्यायचा, तेही सोडलं. "नको बाय, तूच घे," म्हणायचा. मी मनात म्हटलं, तोंडाचा वास लपवतोय. शेवटी एका रविवारी मी त्याला ओटीवर गाठलं. "बाबा, माझ्याकडे बघ. तू पितोस?" त्यानं हात लुंगीला पुसले. मग म्हणाला, "पेलो बाय. दोन घोट." मी विचारलं, "आणि कागदाची आण?" त्यानं मान खाली घातली. मी पिशवी उचलली आणि तीन रविवार गावात गेले नाही. त्या तीन रविवारी तो दुपारपासून एस.टी.च्या थांब्यावर येऊन बसायचा, हे वनितानं मला फार नंतर सांगितलं.

राग ओसरल्यावर भीती सुरू झाली. ट्रेलरवाल्यांची वर्दळ, अंधार, खाडी. किसन स्वतः न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, चार-चार दिवस घरी नसतो. मी ठरवलं, दारू सोडवायची. नेरूळच्या एका डॉक्टरांना आधीच जाऊन सगळं सांगून आले आणि बाबाला म्हटलं, "चल, डोळे तपासायचेत." डॉक्टर तरुण होते. त्यांनी त्याला बूट-चपला काढून पाय जोडून उभं केलं. "काका, आता डोळे मिटा." बाबानं डोळे मिटले आणि वाऱ्यातल्या माडासारखा हलायला लागला. डॉक्टरांनी धरला नसता तर पडलाच असता. सकाळचे अकरा वाजले होते. मग त्याला बसवून, डोळे मिटलेलेच ठेवून, डॉक्टर एक लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी ठोकून त्याच्या पायाला लावत होते. "थरथर जाणवते?" बाबा म्हणाला, "जानवतं." दुसऱ्या पायाला. "आता?" "जानवतं." मग डॉक्टरांनी माझ्याकडे बघून तो चिमटा टेबलावर ठेवला, रिकामे हात मागे घेतले आणि विचारलं, "आणि आता, काका?"

"जानवतं," बाबा म्हणाला. "चांगलं जानवतं."

मी दुसरीकडे बघितलं.

रक्त तपासल्यावर साखर निघाली, फार वर्षांची. डॉक्टरांनी मला समजावलं. साखरेनं तळव्यांची जाणीव गेलीय. जमीन पायाला लागतच नाही. दिवसा डोळ्यांनी बघून तो तोल सांभाळतो, उजेड कमी झाला की तेही जातं. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. "दारूचा संबंध मला तर दिसत नाही," ते म्हणाले. मी बी.ए. झालेली बाई, ऑफिसात लोकांचे अर्ज वाचून चुका काढणारी. बापाचा अर्ज माझ्यासमोर वर्षभर पडला होता आणि मी त्यावर शेरा मारून मोकळी झाले होते.

परत येताना रिक्षात मी विचारलं, "मग खोटं कनाला बोललास?" माझ्या तोंडून कधी नव्हे ते गावचं बोलणं आलं. तो बाहेर बघत होता. म्हणाला, "पेलेला मानूस सकालचे उठतं आन् कामाला लागतं. म्हाताऱ्याला बसवतांन. माझ्या बापाला बसवला व्हता ना… ओटीवर खाट टाकून. एकदा बसवला का परत उठवत नाय कोनी." मग म्हणाला, "तुझ्या कागदाची आन मोडली नाय मी. पन तुला सांगलं असतं तर तूच पयली बसवला असतास मना."  मी तेच केलं असतं.

त्या दिवशी आमच्यात ठरलं. उघाडीवर जायचं, पण सकाळी, काठी घेऊन, मागे पट्टा असलेल्या सँडल घालून. उन्हं उतरायच्या आत घरी. आणि दर रविवारी मी त्याचे तळवे बघणार, कारण जखम झाली तरी त्याला कळणार नव्हती. पहिल्या रविवारी त्यानं पाय ओढून घेतले. "लोकं पाया पडतांन. तलवे कोन बघतं?" मी म्हटलं, "मी बघते. पुढे कर." एरवी गावभर मोठ्यानं बोलणारा माणूस, पाय माझ्या मांडीवर आला की छताकडे बघत बसायचा. कधी डोळ्यांत पाणी यायचं, कधी उगाच वनितावर ओरडायचा. मला हळूहळू कळत गेलं की ओरडला की घाबरलेला असतो, थट्टा केली की जास्तच घाबरलेला असतो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर… पण सांगणार कोण? आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी इतकं शिकलंच नव्हतं, आणि मी शिकले ते वेगळंच काहीतरी.

तरी धास्ती गेली नाही. दिवस कलला की मी शेजाऱ्यांकडे फोन करून वनिताला बोलवायचे, "बाबा आला का?" वनिता चिडायची, "आला ताई, आला. चहा पितोय. बोलवू फोनवर, की कप संपू देऊ?"

एका रविवारी मला निवडणुकीची ड्युटी लागली. एकच रविवार. वनितानं पाय बघते म्हटलं, तर तिला तो म्हणाला, मीच आरशात बघितलं, बरं आहे. दाढीचा आरसा, आणि साखरेनं अधू झालेली त्याची नजर. पुढच्या रविवारी मी सँडल काढली तेव्हा उजव्या तळव्यात कालवाच्या शिंपेचा तुकडा रुतलेला होता आणि भोवती काळं पडलेलं होतं. तो मला म्हणत होता, "दुखत नाय गं, मंग जखम कशी?" पुढचे अठरा दिवस हॉस्पिटल. मी शेवटची भेटले तेव्हा ताप उतरला होता. पायावर चादर होती. त्यानं विचारलं, "पाय हाय ना बाय?" मी चादर वर करून दाखवला. तो बघून म्हणाला, "हां. म्हंजे उघाडीवर जाता येल." मी म्हटलं, "जाशील." दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले.

दहाव्याला पिंडाशेजारी माणसाच्या आवडीचं ठेवतात. कुणीतरी, वाईट हेतूनं नव्हे, प्रेमानंच, मासळीच्या बाजूला दारूची बाटली आणून ठेवली. "धर्मादादाला आवडायची शेवटाला." बायकांनी तिथे बोलायचं नसतं. मी पुढे जाऊन बाटली उचलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "माझा बाप पीत नव्हता. त्याला जमीन लागत नव्हती. प्यालेला दिसला, कारण त्याला म्हातारा दिसायचं नव्हतं. आणि सगळ्यांच्या आधी मी त्याला बेवडा ठरवला."  नाक्यावर हाक मारणारा होता, तो पागोटं काढून उभा राहिला. कावळा केव्हा शिवला ते मी बघितलंच नाही.

मागच्या आठवड्यात किसननं माळा साफ केला. सरपणामागे एक गोणपाटाची पिशवी होती, तोंड सुतळीनं बांधलेलं. त्यात चपला. सहा. वनिता म्हणाली, "टाकू का ताई? एकेकच आहेत." मी त्या अंगणात ओळीनं मांडल्या. सहाच्या सहा डाव्या पायाच्या. उजव्या पायाची जाणीव आधी गेली होती. निसटलेल्या सगळ्या चपला खाडीनं घेतल्या, आणि उरलेली प्रत्येक चप्पल त्यानं लपवली, कुणी मोजू नये म्हणून. त्यातली सगळ्यात जुनी, निळ्या पट्ट्याची, मीच दिवाळीला आणलेली होती. वनितानं मला मागच्या दारी नेलं, त्याच्याही आधीच्या दिवाळीला.

मी त्या घरी आणल्या. दाराजवळच्या रॅकवर खालच्या खणात ठेवल्यात. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी मी तिथे पाय जोडून उभी राहते, डोळे मिटते आणि तळव्यांखालची लादी गार लागते का ते बघते. लागते. मुलगा विचारतो, "आई, काय करतेस?" मी त्याला खरं तेच सांगते. मग त्यालाही शेजारी उभं करते.